पेशव्याचं नाव आणि पुतण्याची वाटणी

माझं नाव मी इथे लिहीत नाही. ते एकट्या माझं नाहीच. नागपूरच्या एका राजाचं ते होतं, एका पंडित कवीचं होतं, आणि पुण्याच्या एका पेशव्याचंही, ज्याच्या कपाळी सख्ख्या पुतण्याच्या खुनाचा डाग बसला. वडिलांनी ते राजाकडे पाहून ठेवलं. लोकांनी त्यातला पेशवाच उचलला, कारण थोरला भाऊ वारल्यावर त्याचा मुलगा माझ्या घरात वाढला.

बरीच वर्षं ती नुसती थट्टा होती. मग विलायतेत कापूस कमी पडू लागला, अमरावतीचा बाजार गाड्यांनी तुंबू लागला, आणि एकत्र शेतीचा पैसा माझ्या हाती खेळू लागला. तशी बोलण्याला धार चढली. मी कापसाची गाडी सोडत नाही तोच आडत्या ओरडे, “काहून जी पाटील, पुतण्या जित्ता हाये ना?” हमाल खदखदून हसत. मीही हसे आणि घरी येऊन बायकोवर डाफरे.

“तुमच्या नावाचा कवी बी होता म्हंता ना?” ती म्हणे. “त्याच्यावानी दोन शब्द गोड बोलून पाहा.”

एका उन्हाळ्यात पुतण्या म्हणाला, “काका, समदीकडं कापूसच लावून राहिलो आपन. खायची जवारी इकत आना लागते. नाल्याकडच्या वावरात मले जवारी पेरू द्या.”

एवढंच म्हणाला. मी मात्र नुकताच बाजारातून टोमणा खाऊन आलो होतो. वाटलं, नाही म्हटलं की हा गावभर सांगेल, आणि मी पेशवा ठरेन. त्याला काही न विचारता मी पंच बोलावले. मारुतीच्या पारावर, सगळ्यांसमोर, विहिरीजवळचं चांगलं वावर आणि धाकटी बैलजोडी त्याच्या नावे केली. शाबासकीच्या आशेनं मी लोकांकडे पाहत होतो. पुतण्याकडे पाहिलंच नाही.

उठताना तो म्हणाला, “म्या जवारी मांगतली होती, काका. तुमी चूल येगळी केली.”

वाटणी झाली की त्याच सांजेला दुसरी चूल पेटते. त्याच्या बायकोनं, जी सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आरतीत देवाचं तेच नाव आलं की ओठ मिटून घेई, अंगणात तीन दगड मांडले. बाजारात लोक म्हणाले, “काढला ना पुतण्याले बाहेर!” वावर बटाईनं, अर्ध्या पिकावर, देऊन तो बायकोसकट अकोल्याला गेला, कापसाच्या तौलावर मापाडी म्हणून.

दिवाळीनंतर मी अकोल्याला गेलो. “चाल घरी, बापा. मोडू ते वाटणी.”

“पंचाइपुढं झालेलं मोडते का?”

“मंग तवाच काहून नाई बोलला?”

“तुमी मले इचारलं कवा? लोकाइले दाखवाले बसवलं होतं मले.”

खरं होतं. तरीही मला राग आला. त्याचा, वडिलांचा, मेलेल्या पेशव्याचा. तेवढ्यात गाड्या आल्याची हाक झाली. त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि तो तराजूकडे गेला.

“घ्या ना मामाजी अजून,” त्याच्या खोलीवर मला वाढताना सून म्हणाली. पोट भरलं होतं. तरी मी आणखी एक भाकर मागून घेतली, कारण ताटावरून उठलो की निघावंच लागणार होतं.