सतरंजीतलं तण

"आता मला काय ठावं वो अक्का, सतरंजी निजामाच्या काळातली हाय म्हणून? अंथरली व्हती, म्या बसले."

"बसलीस ते ठीक. उपटलीस कशाला?" शेजारच्या पातीवरून केवळाबाईनं विचारलं, तशा बाकीच्या बाया खुरपी थांबवून हसल्या.

किल्लारीजवळच्या सोयाबीनमध्ये सोमवारची खुरपणी चालली होती. आदल्या दिवशी चांगुणाबाई लातूरच्या एका संग्रहालयात जाऊन आली होती. तिथं दर ऐतवारी एका कलावंताला लोकांपुढं बसवतात. तयार कला न्हाई, घडताना बघायची. चांगुणाबाई जयंतीची गाणी रचते. आसपासची मंडळं ती म्हणतात, रचणारीचं नाव कुणी घेत न्हाई. संग्रहालयाच्या तनुजा मॅडमनी ते कार्यक्रमाच्या कार्डावर छापलं, म्हणून ही गेली.

पण तिला गाणं सुचतं ते हात चालू असताना. भूकंपात घर गेलं तेव्हा ती नऊ वर्षांची. दुसऱ्या वर्षी हातात खुरपं आलं ते आजतागायत. तिथं तिला खुर्ची दिली, माइक दिला. पाव तास गेला, ओळ येईना. समोरचं कुणी खोकेना सुद्धा. हिचे पाय हलायले, बोटं पदर मुरगाळायली. शेवटी ती उतरून खाली सतरंजीवर बसली. कडेचं सुटलेलं सूत दिसलं, ते हराळी धरावी तसं धरून उपटलं. आणखी एक उपटलं. पुढं सरकली. अन् गळ्यातून आलं:

नव्या घराला नंबर दिला,
जुन्या घराला व्हतं नाव...

तिसरी ओळ ओठावर आली अन् राखणदार शिवप्पा ओरडला. मॅडम धावल्या. वीतभर कड उसवली होती. ओळ गेली ती गेलीच.

"चिडल्या का मॅडम?"

"न्हाई. पुढच्या ऐतवारी येऊन पुरं करा म्हनल्या. लोकांना बी तसंच सांगून टाकलं. कालपासून जिवाला थारा न्हाई, अक्का. भाकर सुदिक जळाली."

"त्यात काय? 'जुनं गेलं, नवं आलं, सुखात हाय गाव.' झालं की गाणं."

"ते पंचायतीच्या भिंतीवर लिवा."

बाया पुन्हा हसल्या. चांगुणाबाई हसली न्हाई. ती ओठातल्या ओठात पुटपुटत दोन हात पुढं गेली, थांबली, मान हलवली. तेवढ्यात कमरेचा फोन वाजला.

"मावशी, सुचलं का पुढचं?" तनुजा मॅडम होत्या.

"न्हाई. ऐतवारपतुर येईल असं बी सांगत न्हाई."

"मग लोकांना काय सांगू?"

"घडताना बघायला येतात न्हवं? मंग अडलेलं बी बघू द्या. आलं तर पुरं म्हनीन, न्हाई तर अर्धंच."

"बरं. आणि सतरंजी?"

"गुंडाळून ठिवा. माझ्यापुढं मेथीच्या चार जुड्या टाका निवडायला."

तिनं फोन कमरेला खोचला. केवळाबाई बरीच पुढं गेली होती. चांगुणाबाईनं पुन्हा पात धरून खुरपं चालवलं.