मगरतोंड्याचा दुसरा भाग

शिरूर कासारजवळच्या एका गावात मी शाळेवर होते, तेव्हा गावातल्या एका मावशींच्या घरातली बाहेरची खोली भाड्याने घेतली होती. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला जायचं. मावशींचा मुलगा आणि सूनही जायचे. मग गल्लीत दारोदार कुलपं, उघडं फक्त आमचं घर. भर दुपारी चालतानाही स्वतःच्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटायचं.

शनिवारी सकाळची शाळा. मी परतले की मावशी हाक मारायच्या, "बाई, या लवकर. मगरतोंड्या लागलाय."

एका चॅनेलवर दर शनिवारी राक्षसांचे जुने सिनेमे हिंदीत लागायचे. त्यातला मावशींचा लाडका म्हणजे तळ्यातून निघणारा, दोन पायांवर चालणारा, मगरीच्या तोंडाचा एक प्राणी. पहिल्या भागात त्याला गोळ्या घातल्या, दुसऱ्यात जाळला, तिसऱ्यात त्याच्या अंगावर पूल पाडला. तरी तो यायचाच. मावशींना हिंदी निम्मंच कळायचं, पण नजर तीक्ष्ण.

"पाठीला चैन हाय बघा त्याच्या, पिशवीला असती तशी. अन् ह्या बारीला लई वाळलाय. कुणी खायाला घातलं न्हाई वाटतं."

शेंगा फोडत आम्ही हसत बसायचो. पहिल्या भागात त्याची भीती वाटली होती. पुढच्या भागांत तो ओळखीचा झाला, आणि यायला उशीर केला तर आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा मी विचारलं, "मावशी, एवढं जाळलं तरी हा परत येतो कसा?"

"आग दावली. मढं दावलं का? मढं दावलं न्हाई की येतंच माघारी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मावशींच्या कपाळावर कुंकू होतं आणि घरात काका नव्हते. मी कधी विचारलं नाही. गावातूनच थोडं थोडं कळलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी कर्नाटकात ऊसतोडीला गेले असताना काका नदीवर अंघोळीला गेले. काठावर कपडे सापडले, चपला सापडल्या. माणूस सापडला नाही.

थंडीतल्या एका शनिवारी दुसरा भाग पुन्हा लागला होता. बाहेर खुरांचा आवाज आला. रिकाम्या गल्लीतून मेंढरं चालली होती. मग दारातला उजेड अडला. उन्हाकडे पाठ करून एक उंच माणूस उभा होता, खांद्यावर घोंगडी. चेहरा दिसत नव्हता.

"पाणी मिळंल का?"

मावशी उठल्या तशा ओटीतल्या शेंगा सांडल्या. त्या तिथेच थांबल्या. टीव्हीत कुणीतरी किंचाळत होतं. मी आवाज बंद केला. काकांना मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्या क्षणी माझीही खात्री झाली की तेच आलेत.

"आत या," मावशी म्हणाल्या. "हितं खिडकीपाशी बसा."

तो बसला. नगरकडचा मेंढपाळ होता. पाणी प्याला. मावशींनी भाकरी आणि चटणी वाढली, आणि वाढताना वाकून त्याचा डावा कान पाहिला. त्याच्या ते लक्षात आलं.

"कुणी हरवलंय का, माय?"

"न्हाई. गेलेत. येतेल."

तो जेवला, हात धुतले आणि मेंढरांमागे निघून गेला. मावशी खाली बसून शेंगा वेचू लागल्या.

"बैलाचं शिंग लागलं होतं ह्यांना. कानाला चीर हाय," त्या म्हणाल्या. "ह्याला न्हाई."

थोड्या वेळाने विचारलं, "सिनिमा संपला?"

"संपला."

"मेला का?"

"आग लागलेली दाखवली. पुढचं नाही दाखवलं."



दुसऱ्या दिवशी मुलाचा कारखान्यावरून फोन आला. मावशींनी त्याला अख्खा सिनेमा सांगितला, पाठीच्या चैनीसकट. तो पलीकडे हसत होता. मेंढपाळाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

माझी बदली केजला झाली, तोवर कुणी आलं नाही. पण त्या शनिवारपासून मावशी दुपारी दाराकडे तोंड करून बसू लागल्या. हळूहळू मीही तशीच बसू लागले. पुढचे सगळे भाग आम्ही बहुतेक नुसते ऐकले.