सुरवंटाच्या फाटकावरची एब्बा

"येतोय म्हनं."

"कोन?"

"कोन काय इचारतोस, वेर्नरा? ट्रूल्स. पोरीला घिऊन येतोय अकरा वाजता."

"हितं? पार्कात?"

"न्हाय, चर्चात! काल फोन आलता त्येचा. पोरगी म्हनती, आजीच्या सुरवंटात बसायचं. पर भ्या वाटतंया म्हनं तिला."

"मग बरंच की. भ्यालेली पोरं म्हंजे तुजा हातखंडा."

एब्बानं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी फडकं उचललं आणि पुसलेलीच काच परत पुसायला लागलो. तोंडातनं निघून गेलं खरं. पण तिच्या पोराच्या, ट्रूल्सच्या बाबतीत हे बोलायचं नसतं, हे पार्कात मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि मीच बोललो.

एब्बा स्कोव्ह आणि मी, आम्ही चौतीस उन्हाळे एकाच पाळण्यावर काढले. पाळण्याचं नाव सुरवंट. हिरवे सात डबे, पुढच्या डब्याला डोळे आणि दोन मिशा. त्या मिशा दर वसंतात मीच रंगवतो. रूळ वर चढून चढून दुमजली घराच्या आढ्याएवढे जातात, तिथनं खाली. मोठ्या माणसाला हसू येईल. पण सहा वर्षांच्या पोराला तिथं जग संपलेलं दिसतं. एब्बा खाली फाटकावर असते, मी काचेच्या केबिनमध्ये. ती पोरं बसवते, मांडीवरचे दांडे खाली घेते, शेवटपर्यंत नजर टाकते आणि मान हलवते. मग मी हिरवं बटण दाबतो. तिची मान हलल्याशिवाय माझं बोट हलत नाही.

ती माझ्यासारखीच पश्चिम जटलंडच्या माळावरची. डुकरं पाळणाऱ्याच्या घरची, हात फावड्यासारखे. बोलणं असं, की शब्दाचं शेपूट गिळल्याशिवाय तो बाहेर सोडायचाच नाही. एकदा कोपनहेगनहून एक बाई आली होती, आम्हाला पाहुण्यांशी कसं बोलावं ते शिकवायला. ती एब्बाला म्हणाली, जरा स्वच्छ बोलत चला, मुलांना कळलं पाहिजे. एब्बा म्हणाली, "पोरास्नी कळतंय सगळं. तुला कळंना, त्यात पोरांचा काय दोस?" बाईनं ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

आणि पोरांना खरंच कळायचं. रडकं पोर आलं, बाप त्याला म्हणत असायचा, "काही होत नाही रे, भिण्यासारखं काही नाही." एब्बा पहिल्यांदा बापाला गप्प करायची. "व्हतंय की. पोटात खड्डा पडतोय. उगं खोटं कशापायी सांगतोस त्येला?" मग पोराला घेऊन उतरायच्या बाजूला उभी राहायची. चढणाऱ्यांच्या नव्हे, उतरणाऱ्यांच्या. तिथं तोंडं बघायची. हे हसतंय, हे हसतंय, ह्याचं तोंड कडू झालंय, बघ. काहीच लपवायचं नाही. मग दोघं मिळून आकडे मोजायचे; गाडी सुटल्यापासून थांबेपर्यंत अठ्ठेचाळीस. चढावरची टकटक कशाची, तेही सांगायची: गाडी मागं घरंगळू नये म्हणून खाली दातरं असतात, ती दर पावलाला गाडी धरून ठेवतात. आवाज हाय तवर धरलंय समज. मग उभ्या गाडीत, मधल्या डब्यात बसवायचं. मधल्यातच, कारण शेवटचा डबा उतारावर फटका मारतो. दांडा पोरानं स्वतः खाली घ्यायचा, स्वतः वर करायचा, तीनदा. आणि 'चल' म्हणायचं ते पोरानं. आईबापानं नाही, एब्बानं नाही. पोर 'चल' म्हणालं नाही, तर मान हलत नसे.

किती पोरं बसवली तिनं अशी, त्याचा हिशोब नाही. आता बाप झालेली माणसं येऊन तिला मिठी मारतात. ती म्हणते, "सोड, माजा हात ग्रीसचा हाय."

पण ट्रूल्सचं सांगायचंय.

आमच्याकडं एक रीत आहे. एप्रिलात पार्क उघडायच्या आदल्या दिवशी फक्त कामगारांची घरची माणसं येतात. सॉसेज भाजायचे, कॉफी ढोसायची, आणि वारा असा की हातातला पाव उडून जातो. त्या दिवशी ज्याचा जो पाळणा, त्याचं मूल वर्षाच्या पहिल्या फेरीला सगळ्यात पुढं बसवायचं. लोकांची लेकरं बसवायच्या आधी आपलं बसवलं, म्हणजे जबाबदारी आपल्या जिवावर. कुठं लिहिलेलं नाही, पण मोडत कुणी नाही. होड्यांच्या पाळण्यावरच्या नीलसनं पोराला ताप असताना घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं.

एब्बाला ट्रूल्स एकटाच. पहिल्या वर्षी त्याचं पोट दुखलं. दुसऱ्या वर्षी तो संडासामागं लपून बसला. तिसऱ्या वर्षी त्याला सात पूर्ण झालेली, आणि एब्बाचं नाव तोवर पार्कभर झालेलं. तिकीट खिडकीवरनं भ्यालेलं पोर सरळ तिच्याकडं धाडायचे. मग चिडवणारे काय सोडतात? "काय गं एब्बा, अख्ख्या देशाची पोरं बसवतीस, आन घरातलं एक बसंना व्हय?" हे म्हणाला नीलसच. सगळे हसले. एब्बाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

तिनं ट्रूल्सला हाताला धरून फलाटावर आणलं. उतरायच्या बाजूला नेलं नाही. आकडे मोजले नाहीत. चाळीसएक माणसं हातात सॉसेज घेऊन बघत उभी होती. ती वाकली आणि त्याला म्हणाली. माझी खिडकी उघडी होती, मला स्वच्छ ऐकू आलं:

"नुस्तं बसायचं. मला दांडा तपासायचाय. गाडी सुटत न्हाय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. बसला. तिनं दांडा खाली घेतला. आणि माझ्याकडं वळून मान हलवली.

मी ऐकलं होतं. पोराचं तोंड मला काचेतनं दिसत होतं. ते रुळाकडं बघतच नव्हतं, आईकडं बघत होतं, दांडा नीट बसला का म्हणून. आणि मी बटण दाबलं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मान तिची होती. पण बोट तर माझंच होतं ना.

तो ओरडला नाही. अठ्ठेचाळीस मोजून गाडी आत आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शीळ घातली. पोराची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. एब्बाला ते दिसलंच नव्हतं अजून. ती गाल फुलवून हसत होती. "बगितलंस? झालं का काय?"

"तू म्हनालीस नुस्तं बसायचं," ट्रूल्स म्हणाला.

एवढंच. मग उतरला आणि पाय फाकवून चालत एकटाच गाड्या लावतात तिकडं गेला. एब्बा आपलं जाकीट काढून मागं धावली. सीट मी पुसली.

ह्यावरनं काय आभाळ कोसळलं नाही. पोरगं जेवलं, शाळेत गेलं, मोठं झालं. वाढदिवसाला आईला फुलं पाठवतं. पण त्या दिवसापासनं आईचा शब्द ते तपासून घ्यायला लागलं. पाणी गरम नाही म्हटलं, तर आधी बोट घालून बघणार. दात काढताना दुखणार नाही म्हटलं, तर डॉक्टरला वेगळं विचारणार. त्याचा बाप आक्सेल इस्पितळात होता तेव्हा एब्बा म्हणाली, गुरुवारी घरी सोडतायत. पोर दहा वर्षांचं. उठलं, वऱ्हांड्यात जाऊन नर्सला विचारून आलं. आक्सेल गुरुवारीच घरी आला. पण ते विचारून आलं होतं, आणि एब्बानं ते बघितलं होतं.

पुढं तो ऑर्हूसला शिकला, शहरी बोलायला लागला, आणि पूल तपासायच्या नोकरीला लागला. पुलाखाली जाऊन हातोडीनं ठोकून बघायचं, आतनं पोकळ झालाय का. एब्बा म्हणते, "कुनाच्या शब्दावर इस्वास न्हाय, त्येला बरं काम गावलं." म्हणते, आणि कपातल्या कॉफीकडं बघत राहते.

त्याच्या लग्नात तिनं भाषण लिहून आणलं होतं. आईनं उभं राहून बोलायचंच असतं. तिनं पहिलं पान वाचलं, त्याच्या लहानपणी कोंबड्या कशा मागं लागायच्या ते. लोक हसले. दुसरं पान उलटलं, आणि तिचा आवाज थांबला. कागद घडी करून तिनं पेला उचलला. त्या दुसऱ्या पानावर काय होतं ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तर असा तो ट्रूल्स पोरीला घेऊन येत होता. एब्बाला पोरगी बसावी असं होतं का? मला विचाराल तर नाही. तिला एवढंच हवं होतं, की पोरानं एकदा, तपासल्याशिवाय, तिचा शब्द घ्यावा.

अकराला पाच कमी असताना दोघं आली. भुरभुर पाऊस होता. विगा सहा वर्षांची, पिवळ्या रेनकोटात, पुढचे दोन दात पडलेले. ट्रूल्स फाटकापाशीच थांबला.

"आई, आधीच सांगतो. तिला नको असेल तर..."

"न्हाय बसवनार."

"मी इथंच उभा राहणार."

"ऱ्हा की. पर कडंला ऱ्हा, लोकास्नी जायला जागा ठिव."

विगा सुरवंटाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. "आजी, हा काय खातो?"

"टोप्या. मागल्या हप्त्यात सात खाल्ल्या. तुजी काड."

विगानं टोपी काढून बापाकडं दिली. "पोटात काय होतं?"

"उतारावर पोट जरा मागं ऱ्हातंय. दोनदा. तिसऱ्यांदा थोडं."

"दुखतं?"

"न्हाय. गुदगुल्या. पर काही जनांस्नी गुदगुल्या आवडत न्हाईत. चल, तोंडं बगू."

दोघी उतरायच्या बाजूला गेल्या. विगाला वीसच्या पुढं मोजता येईना, म्हणून वीस, मग परत वीस, मग आठ असं मोजलं. एका पोराचं तोंड कडू झालेलं दिसलं तेव्हा विगा जोरात म्हणाली, "ह्याला नाही आवडलं!" आणि त्याची आई चिडली. टकटक ऐकून झाली. मग गाडी थांबवून एब्बानं तिला चौथ्या डब्यात बसवलं. दांडा खाली, दांडा वर. खाली, वर. रांग फाटकाबाहेर गेली होती. मागनं एक दांडगा गडी ओरडला, "ओ बाई, ही गाडी आज सुटनार का नाताळात?"

"घाई असंल त्येनं बस धरावी," एब्बा मागं न बघता म्हणाली.

दांडा तिसऱ्यांदा खाली आला. विगानं तो दोन्ही हातांनी धरला. एब्बा तिच्या 'चल'ची वाट बघत होती. माझं बोट बटणावर होतं. ट्रूल्स दोन पावलं पुढं आला होता, कठड्याला धरून.

"आजी," विगा म्हणाली, "आज नको."

एब्बानं दांडा वर केला. "बरं. उतर. जपून, पायरी वली हाय."

एवढं सगळं केलंस आणि आता गं, असं ती म्हणाली नाही. पुढच्या वेळी हां, असंही नाही. विगानं खालनं विचारलं, "रागावलीस?"

"न्हाय. तू सांगितलंस, मला कळलं."

पोरगी उड्या मारत बापाकडं गेली. "बाबा, मी बसले होते! दांडा मी एकटीनं खाली घेतला, तीनदा!"

ट्रूल्सनं तिच्या डोक्यावर टोपी घातली. एब्बा उभी होती. आता तो काहीतरी बोलेल, असं तिला वाटत होतं; मलाही वाटत होतं. तो तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"म्हणजे तुला हे असं येत होतं."

"व्हय."

"तेव्हाही?"

"तवाबी येत हुतं." तिनं हात जाकिटाला पुसले. "मानसं बगत हुती रं, ट्रूल्स."

"मी तुझ्याकडं बघत होतो."

चूक झाली म्हणायला तीस वर्षं होती, ती लग्नातल्या भाषणाच्या कागदासारखी घडी करून ठेवली. आता म्हणाली असती, तर त्यानं तेही ठोकून बघितलं असतं. ती उभी राहिली, आणि मीही केबिनचं दार उघडून बाहेर आलो नाही. मला सांगता आलं असतं, की मीही ऐकलं होतं. मी काच पुसली.

विगा त्याचा हात ओढत होती. आइस्क्रीम पाहिजे होतं. "आपण उद्या परत येऊ?"

"बघू," ट्रूल्स म्हणाला. "निघतो, आई. रविवारी फोन करतो."

"कर."

तो वळला नाही. पिवळा रेनकोट मात्र दोनदा वळला. घोड्यांच्या चक्राआड दोघं दिसेनाशी झाली तरी एब्बा तिकडं बघत होती. मग रांगेतला तो दांडगा गडी परत खाकरला.

एब्बानं खुंटीवरचं कापड घेतलं, साती डब्यांच्या सीटा ओळीनं कोरड्या केल्या, कापड पिळलं आणि फाटकाची साखळी काढली.

"या. तू म्होरं ये, नाताळवाल्या. गुडघं पार छातीशी घ्यावं लागत्याल, तुज्या मापाचा डबा न्हाय ह्यो. आन ती बारकी कुनाची? तुजी? मग तिला बसू दे आदी."