एकवीस गिझर आणि काशीनाथकाका

काशीनाथकाका वायरमन. घोलवडपासून सायवनपर्यंत निम्म्या घरांतल्या बटणांना त्यांचा हात लागलाय. कुठल्याही घरात शिरले की वर बघून नाकातून बोलतात, "हंऽऽ, दोन पंखे, तीन ट्यूब, एक फ्रीज. झालं!" त्यांचं ते 'झालं' मला इतकं जमतं, की काकू आतून विचारते, "आलात का हो?"

या अंदाजावर तीस वर्षं निभावली. मग डहाणूत शैलेशभाई बिल्डरनी चोवीस फ्लॅटची इमारत बांधली. मेन केबल किती जाड हवी, तेही काकांनीच ठरवलं. "सगळे काय सगळं एकदम लावतात?"

लावतात. फ्लॅट घेतले बहुतेक शिक्षकांनी, आणि सगळ्यांच्या शाळा सातच्या. थंडीत एका सकाळी सहाला एकवीस गिझर एकदम चालू झाले नि मीटर रूममधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. फोन आल्यावर काका धावत गेले, मेन स्विच पाडला. वरून जयमाला मॅडम वर्गावर ओरडावं तशा ओरडल्या, "काशीनाऽऽथ! माझं पाणी अजून कोमट आहे!"

आग लागली नाही, एवढंच. पण काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. ती नक्कल मी करत नाही.

महिन्याभरात शैलेशभाई आले. तलासरीला नवी इमारत, चाळीस फ्लॅट, लिफ्ट, एसी. "काशीनाथभाई, डिझाइन-फिझाइनचा काय काम? ह्या टायमाला केबल थोडी जाडी नाखी दे ने!"

"थोडी म्हणजे किती, शैलेशभाई? तेच मला येत नाही. एकदम किती वीज लागेल तो लोड इंजिनिअरनं काढायचा. तारा मी ओढीन."

"मग दुसरा वायरमन बघू काय?"

वर्षभराचं काम होतं ते. काकूचा लाटणं फिरवणारा हात थांबला.

"बघा," काका म्हणाले. "पण त्यालाही हेच विचारा."

आठवडाभर काही नाही. मग शैलेशभाईंचा फोन: "चल, मॅडम आवी आहे." रश्मी मॅडम, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, वयानं काकांच्या मुलीएवढ्या. त्यांनी एसी, गिझर, लिफ्ट, पंप सगळं मांडलं आणि विचारलं, "काका, इथे एकाच वेळी काय काय चालतं?"

"फ्लॅट कोण घेतंय ते आधी विचारा, मॅडम. शाळावाले असतील तर सहाला सगळ्यांची आंघोळ."

मॅडमनी ते लिहून घेतलं. शेवटी केबलचा आकडा निघाला.

"जरा मोठ्यानं वाचा," काका म्हणाले. "चष्मा घरी राहिला."

चष्मा खिशातच होता. मॅडमनी वाचलं. काकांनी शैलेशभाईंकडे बघत म्हटलं, "परत एकदा."