खुणेकरांचे कान

खुणेकरांसमोर कुणीही सलग बोलू लागलं की ते मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडत, आणि दुर्दैवाने दर वेळी मनातल्या मनातच पाडत असं नाही. एकदा बडोद्यात आमच्या कारेलीबागेतल्या घरी माझ्या पत्नीने चहा देता देता आधी सोसायटीच्या पाण्याबद्दल, मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल आणि शेवटी भाचीच्या लग्नाबद्दल सांगितलं. खुणेकर बशीत फुंकर घालत म्हणाले, "वहिनी, गुडघा चार मिनिटांचा झाला. पाणी लहान होतं, पण छान होतं." पुढचे दोन महिने त्यांच्या चहात साखर कमी पडत होती. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. जिभेवर त्यांचा फारसा जीव नव्हता; सगळा जीव कानांत होता.

खुणेकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते आमच्या संगीत मंडळाने दिलेलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. खरं आडनाव चांगलं खणखणीत, शिपाईगिरीचं. पूर्वज बडोद्याच्या फौजेत घोडेस्वार होते असं ते सांगत आणि लगेच पुढे म्हणत, "घोडा कुणाचा होता ते विचारू नका." स्वतः त्यांनी पाणीगेटच्या दोन खोल्यांत राहून एका पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, आणि तीस वर्षं आमच्या मंडळाची प्रत्येक बैठक कॅसेटवर उतरवली. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मंडळाच्या भिंतीवर सगळ्या माजी अध्यक्षांचे फोटो आहेत. खुणेकरांचा नाही, कारण फोटो काढायच्या वेळी ते नेहमी वायर गुंडाळत असत.

त्यांची पद्धत अशी. टेपरेकॉर्डरवर तीन आकड्यांचा एक छोटा काउंटर असतो. टेप फिरते तसा तोही फिरतो. एक राग संपून दुसरा सुरू झाला की खुणेकर तो आकडा कॅसेटच्या कागदावर मोत्यासारख्या अक्षरात लिहीत: ०००, यमन. २१४, तराणा. ३०२, अध्यक्षांचे दोन शब्द. या शेवटच्या नोंदीनंतरचा आकडा बहुधा ५९० असे. दोन शब्द केवढे असतात याचा आमच्याकडे एवढाच लेखी पुरावा आहे.

मग त्यांचा टेपरेकॉर्डर वारला. दुसरा आणला, पहिली कॅसेट घातली, २१४ वर नेली आणि तराण्याच्या जागी कुणीतरी पानाचा डबा मागत होतं. प्रत्येक यंत्राचा काउंटर आपापल्या चालीने फिरतो, ही गोष्ट तीस वर्षं एकच यंत्र वापरणाऱ्या माणसाला कळायचं काही कारण नव्हतं. म्हणजे दोनशे कॅसेटींवरच्या सगळ्या खुणा बरोबर होत्या, आणि त्यातली एकही उपयोगाची नव्हती. मी हळहळलो. ते हसत सुटले. "मास्तर, तीस वर्षं मी पत्ता लिहिला, गावच उठून गेलं!"

हसणं थांबलं ते दुसऱ्या बातमीवर. त्यांचा डावा कान गेलेला होता आणि उजवा वर्षभर साथ देईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर सगळ्या खुणा पुन्हा करायच्या, एवढंच त्यांनी मनात धरलं. "गाणी कुठं जात नाहीत," ते म्हणाले, "पण दीड तासाच्या कॅसेटीत कोण कुठं गातंय ते कुणाला सापडलं नाही, तर असून काय? दोनशे कॅसेट आहेत मास्तर, आणि कान एकच आहे."

त्याच सुमाराला आमच्या अध्यक्षांना 'डिजिटल वारसा' हा शब्दप्रयोग कुठेतरी सापडला. त्यांनी तो एका बैठकीत सात वेळा वापरला (हे खुणेकरांनी मोजलं) आणि सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम चिटणीस म्हणून माझ्यावर टाकलं. "आता सगळं ऑटोमॅटिक होतं," अध्यक्ष म्हणाले. "बटण दाबायचं, गाणी आपोआप वेगळी होतात." मला शंका होती. खुणेकरांना नव्हती. ते दर सकाळी स्कूटरवरून माझ्याकडे येऊ लागले, आणि लग्नात नवरदेवाचे बूट सांभाळणाऱ्याच्या थाटात माझ्या लॅपटॉपशेजारी बसू लागले.

बटण दाबलं. दोन सेकंद शांतता दिसली की गाणं संपलं, असा त्या सॉफ्टवेअरचा समज होता. त्याने एका म्हाताऱ्या गायिकेच्या विलंबित ख्यालाचे अकरा तुकडे केले, कारण बाई मधे मधे थांबून आम्हाला तंगवत असत. उलट अध्यक्षांचं भाषण, पुढची भैरवी आणि आभार हे सगळं मिळून एकच गाणं निघालं. मधे श्वास घ्यायला कुणी थांबलंच नव्हतं. मी लॅपटॉप मिटायला निघालो. खुणेकरांनी माझा हात धरला.

"अहो, त्याला रागावू नका. नव्या जावयासारखं आहे ते, कुठं मान डोलवायची कळत नाही. शिकेल. चूक त्याची नाही. मैफलीत शांतता असते ती गाण्याच्या आत. गाणं संपल्यावर कुणी शांत बसतं का? वाहवा होते, लोक खोकून घेतात, कुणीतरी तांब्या पाडतं."

"मग संपलं हे ओळखायचं कशावरून?"

"हातोडी," ते म्हणाले.

गाणं संपलं की तबलजी हातोडी उचलतो आणि तबला पुन्हा सुरात आणतो. टक, टक, टक. तीस वर्षं मी ते ऐकत होतो आणि कधी ऐकलं नव्हतं. सॉफ्टवेअरला एखादा आवाज नमुना म्हणून दिला तर तसे सगळे आवाज शोधून देण्याची सोय त्यात होती. आम्ही हातोडी दिली. पडद्यावर रांगेने खुणा उमटल्या. यमन सुटा, तराणा सुटा, भाषण सुटं. खुणेकरांनी आनंदाने माझ्या पाठीत असा धपका मारला की त्यांचे पूर्वज खरोखरच फौजेत असावेत.

घोळ झाला तो फक्त वसंतभाईंच्या कॅसेटींत. आमचे हे तबलजी भर गाण्यातही हातोडी चालवत, त्यामुळे त्यांच्या एका बैठकीतून छत्तीस गाणी निघाली. खुणेकरांनी त्यांना फोन लावून आकडा सांगितला. "अरे भाई, तबलो उतरी जतो हतो!" पलीकडून वसंतभाई ओरडले. खुणेकर शांतपणे म्हणाले, "तबला नाही हो, गायक उतरत होते, तुम्ही चढवत होता." त्या कॅसेटींच्या खुणा मात्र त्यांनी एकेक करून, उरल्या कानाने, स्वतः लावल्या.

चाळीस कॅसेटी राहिल्या असताना तो कानही गेला. मी आठवडाभर त्यांच्याकडे जायचं टाळलं. मग तेच आले, पडद्यासमोर बसले आणि नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "लावा." आवाजाची ती दातेरी रेघ पडद्यावर सरकू लागली. वर्षभर कानाने ऐकताना त्यांनी डोळे तिच्यावरच ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं. "ही तान. हे खोकले. हा काटा म्हणजे हातोडी, इथं खूण करा. आणि हा सपाट डोंगर म्हणजे आपले अध्यक्ष." मी हेडफोन लावून तपासत होतो. चुका झाल्या, पण माझ्या जास्त. चाळीस कॅसेटी त्यांनी डोळ्यांनी संपवल्या.

या सगळ्या खुणांची यादी मंडळाने जाहीर केल्यावर महिन्याभरात बडोद्याजवळच्या सावली गावाहून एक बाई आल्या. त्यांचे वडील तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि कधीतरी आमच्या मंडळात गायले होते. "फोटो आहेत ने घरात," त्या म्हणाल्या, "पण बापूजींचा अवाज एक पण नाही." वर्ष त्यांना ठाऊक नव्हतं. छापील कार्यक्रमपत्रिकांत तर नाव असणंच शक्य नव्हतं; मोठे गवई उशिरा पोचले म्हणून या गुरुजींना अकरा मिनिटं गायला बसवलं होतं. ते खुणेकरांच्या यादीत होतं: सावलीचे गुरुजी, भूप, अकरा मिनिटं, सुरेख.

बाईंना हेडफोन दिले. खोलीत आवाज नव्हता. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, खुणेकर पडद्यावरची रेघ बघत होते. रेघ उंच गेली, गोळा झाली, आणि खुणेकर एकदम पुटपुटले, "आता समेवर येतील." त्याच क्षणी बाईंची मान खाली आली. मग त्या हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.

हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला पण ऐकू येतं ने?"

मी तो प्रश्न कागदावर लिहून खुणेकरांना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि मान हलवली.

"नाही बेन," ते म्हणाले. "पण तुमची मान बरोबर पडली."