पाच फूट दोन इंच

माझ्या मावशीचं पाण्याशी वाकडं होतं. ती शिवणाच्या दुकानात कटिंग करायची, चाळीस वर्षं, उभ्याने. दुकानाला संडास नव्हता, समोरच्या इमारतीत जावं लागे. त्यापेक्षा पाणीच नको! सकाळी एक पेला, की संध्याकाळपर्यंत निवांत. पाठ दुखली की गोळी. आधी अधूनमधून, मग रोज दोन. आणून द्यायची मीच. तिच्याच हाताखाली काज-बटणं करत मोठी झाले ना.

टेप ताणली गेली की माप चुकतं. म्हणून दर सहा महिन्यांनी मावशी भिंतीला टेकून उभी राहायची आणि मला स्वतःची उंची मोजायला लावायची. पाच फूट दोन इंच भरली तर टेप बरोबर. कमी भरली की टेप कचऱ्यात. तीन वर्षांत तिने पाच टेपा फेकल्या. शेवटची तर कोरी करकरीत होती. "कंपनीच चोर आहे मेली," मावशी म्हणाली. मला हसू आलं. पण मग मी तिच्या मागे उभी राहिले. पूर्वी मला न दिसणारं तिचं टाळकं आता दिसत होतं.

ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कण्याचे दोन मणके चेपले होते, हाडं पोकळ झाली होती. रक्ताच्या तपासणीत आणखी निघालं. किडन्या जेमतेम तीस टक्के काम करत होत्या.

"किडनी थकली की हाडं आणखी कच्ची होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडांचं नेहमीचं औषध मी असं डोळे मिटून देऊ शकत नाही. पाठदुखीच्या गोळ्या किडनी खातात, त्या आजपासून बंद. आठ दिवसांत किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पडायचं नाही."

"पडायला वेळ कुणाला आहे!" मावशी म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने माझं मनगट धरलं. "लेकीला अवाक्षर सांगायचं नाहीस. ती मला घेऊन जाईल आणि सोफ्यावर बसवून ठेवेल. बसले की मेले मी."

शाळेचे तीनशे गणवेश कापायचे होते. ते झाले की जाऊ, असं ठरलं. ते झाले, दुसरे आले. एक दिवस खडूच्या डब्यात त्याच गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. मी डबा बंद केला. दर रविवारी तिच्या लेकीचा फोन यायचा, आई कशी आहे? मी म्हणायची, ठणठणीत.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, मावशी टेबलापाशी उभी होती. काहीतरी मागायला माझ्याकडे वळली, बस्स. कट् असा आवाज आला. मला वाटलं कात्री पडली. मग ती पडली. देवाशपथ सांगते, आधी मोडलं, मग पडली.

हॉस्पिटलमध्ये तिची लेक धावत आली. खुब्याचं हाड गेलं होतं. सर्जननी सरळ सांगितलं, ऑपरेशन नाही केलं तर मावशी पुन्हा उभी राहणार नाही. केलं तर किडन्या तग धरतील याची खात्री नाही. मग त्यांनी मावशीच्या पिशवीतल्या जुन्या रिपोर्टवरची तारीख पाहिली. "तीन महिने? कुणालाच दाखवलं नाही?"

लेक माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

स्ट्रेचरवरून मावशी मान हलवत होती. नाही म्हण, नाही म्हण.

"हो," मी म्हणाले.

सर्जननी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला होता. लेकीने पेन घेतलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली.