मामांची एकतीस पत्रं

फोन मामांच्याच घरून आला होता. मी धुळ्याला आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये होते, सकाळची पहिली बॅच नुकतीच बसली होती. जळगावला मामांच्या शेजारी राहणाऱ्या शोभाताई बोलत होत्या. “सुनंदा, नानांच्याच फोनवरून बोलतेय गं...” आणि पुढे त्यांना बोलवेचना. गल्ली त्यांना नाना म्हणायची, मी मामा. आंघोळीचं पाणी तापत ठेवून ते खुर्चीत बसले, ते बसलेच. घरात दुसरं कोणी असतं तर निदान हाक तरी ऐकली असती, असं नंतर सगळे हळहळले. दुसरं कोणी नव्हतंच. मामीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मामांची सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, तीही रेल्वेच्या डब्यात. भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत उभ्याने पत्रं लावायची, अमळनेरची या कप्प्यात, दोंडाईचाची त्या. “माझ्या हातून एक पत्र चुकीच्या पिशवीत गेलं नाही,” हे ते इतक्यांदा सांगायचे की मामी आतून “झालं सुरू” म्हणायची. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे फोन आला, गल्लीतला पहिला. मामांना नाही म्हणणं जमायचं नाही, त्यामुळे अख्ख्या गल्लीने आपापल्या नातेवाइकांना तोच नंबर ‘पीपी’ म्हणून देऊन टाकला. पुढच्या खोलीत कोणी ना कोणी फोनची वाट बघत बसलेलं असायचं. मामा पाणी द्यायचे, रिंग वाजली की दारात जाऊन हाका मारायचे. घर भरलेलं दिसायचं खरं... पण त्या गर्दीत मामांसाठी म्हणून आलेलं कोणी नसायचं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा अविनाश अमेरिकेत. त्याने तिकडे लग्न केलं आणि मग कळवलं. मामा म्हणाले, “मग आता तरी कशाला कळवलं?” आणि फोन ठेवून दिला. समोर गल्लीतली तीन माणसं बसलेली. त्या तिघांच्या देखत तो शब्द गेला, म्हणून तो परत घेणं आणखीच अवघड झालं, असं मला वाटतं. पुढे दीड वर्ष बापलेकांचा अबोला. अविनाशने घर बदललं, ना पत्ता दिला ना फोन नंबर. मग एकदा मला त्याचा ई-मेल आला, शेवटी एक ओळ होती, ‘बाबांना लिहायचं असेल तर हा माझा ई-मेलचा पत्ता दे.’ मी दिला. आठ दिवसांनी मामांनी विचारलं, “पोरी, ते इंटरनेट घरमा बसाडता येस का?” मी म्हटलं, त्यापेक्षा मी त्याचा नंबर मागवते, तुम्ही फोनच करा. तर म्हणाले, “फोनवर माफी कशी मांगू? बठ्ठी गल्ली समोर बसेल शे.” सगळ्या गल्लीदेखत त्यांना ते नको होतं.

क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मोडीत निघणार होताच. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी एसटीत मांडीवर घेतला. पारोळ्यापर्यंत पाय बधिर झाले होते आणि शेजारची बाई टीव्ही समजून सारखी विचारत होती, पोर्टेबल का कलर. कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवला, पुढच्या खोलीतल्या फोनची वायर वाढवून मोडेमला जोडली. मोडेमची फ्लॉपी घातली, इंटरनेटचा नंबर भरला, नाव, पासवर्ड... तीनदा एंगेज, चौथ्यांदा मोडेम किंचाळला आणि कनेक्शन लागलं. मामांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, कुठे टिचकी मारायची तेसुद्धा. मग विचारलं, “शेवटची पिशवी किती वाजता निघते?” मी म्हटलं, इथे पिशवी नाही, सेंड दाबलं की मशीन आपोआप फोन लावतं आणि पत्र जातं. माझ्या क्लासच्या पत्त्यावर सरावाचं एक पत्र पाठवलं, ते पोहोचलं. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचा हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

घोटाळा पुढच्याच आठवड्यात झाला. शोभाताई पुढच्या खोलीत फोनवर सावद्याच्या पाहुण्यांशी बोलत होत्या, पोरीच्या लग्नाची बोलणी. आत मामांनी मला सरावाचं दुसरं पत्र लिहून सेंड दाबलं, मशीनने फोन लावला, आणि मुलाच्या आईच्या कानात तो मोडेम केकाटला. फोन कट. शोभाताईंनी आपटला, असं सावदेकरांना वाटलं. समजूत काढायला दोन दिवस लागले. रविवारी मी गेले तर मामांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. “पहिले हाई बंद कर. लोकंसना फोन तोडाना नहीं.” मी मशीनमधल्या ‘आपोआप फोन लावा’ या ओळीपुढची बरोबरची खूण काढून टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम. पाचची एसटी गाठायची होती, चहा उभ्यानेच घेतला. म्हटलं, “झालं मामा, आता कोणाचा फोन तुटणार नाही.”

आता आधी स्वतः इंटरनेटचा फोन लावायचा, मगच सेंड करायचं, हे मी सांगितलं का? पाच आठवडे मी तेच आठवतेय. सांगितलं असेल, असं स्वतःला म्हणून बघते. नाही सांगितलं. वहीत ते नाही, आणि मी सांगितलेलं मामांनी वहीत लिहिलं नाही असं कधी झालं नाही.

तेव्हापासून दर आठवड्याला ते मला फोन करून सांगायचे, “आज लिखं.” काय लिहिलं विचारलं की म्हणायचे, “दुसऱ्याचं टपाल शे, तुले काय करनं?” उत्तर आलं का विचारलं की, “येईल. टपालाला वेळ लागतो.” लोकांना आयुष्यभर हेच सांगत आले होते. त्या वर्षात गल्लीत घरोघर फोन आले. शोभाताईंकडेही आला. पुढची खोली रिकामी झाली, आणि मामांचा मला येणारा फोन लांबत चालला. शेवटी शेवटी ते मला बाजारात केळी कशी आहेत तेसुद्धा सांगायचे आणि मी घड्याळाकडे बघत हं हं करायचे. अविनाशला मी कधी विचारलं नाही. बापलेकांच्या मध्ये आपण कशाला नाक खुपसा, हे माझं शहाणपण.

मामा गेल्याचं मीच त्याला कळवलं. तो चौथ्या दिवशी पोहोचला. दिवस झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मामांच्या खुर्चीकडे बघत म्हणाला, “ताई, पत्ता दिला तरी त्यांनी एक ओळ लिहिली नाही गं.” मी म्हटलं, अरे, दर आठवड्याला लिहीत होते. आम्ही आत गेलो, कॉम्प्युटर लावला. जायच्या पत्रांच्या कप्प्यात एकतीस पत्रं होती. एकही गेलेलं नव्हतं. सगळ्यात वरच्या पत्राची सुरुवात दिसत होती, ‘चि. अविनाश व सौ. सूनबाई यांस अनेक आशीर्वाद. माझे चुकले...’ पुढे मी वाचलं नाही, अविनाशनेही नाही. तो म्हणाला, “बाबांना ते मशीन जमलंच नाही म्हणायचं.” मी गप्प बसले. त्याला वाटलं, मला रडू आवरत नाहीये. “इथे नाही वाचता येणार मला. पाठव, तिकडे गेल्यावर वाचतो.” मी इंटरनेटचा फोन लावला. एकतीसच्या एकतीस पत्रं चार मिनिटांत गेली.

घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. किल्ली माझ्याकडे आहे. दर रविवारी मी जळगावला जाते, खोल्या झाडते आणि इंटरनेट लावते, कारण अविनाश आता एकेका पत्राला उत्तर लिहितोय, मामांच्याच पत्त्यावर. आजवर नऊ आली. मी ती मशीनवर उतरवून घेते, उघडत नाही, ते दुसऱ्याचं टपाल आहे. तिथेच बसून त्या खुणेबद्दल त्याला लिहायचं असं दर वेळी ठरवते, दोन ओळी लिहिते आणि मशीन बंद करून पाचची एसटी पकडते. म्हणून आज इथे, चार लोकांसमोर लिहितेय. अविनाश, बाबांना ते जमत होतं. त्यांचं काही चुकलं नाही. ती खूण मी काढून टाकली, आणि त्यांना सांगायचं राहिलं.